नव्या मातीत रुजताना...

(पवई येथील एका गृहसंकुलाच्या सभागृहात झालेल्या कुटुंब मेळाव्यात एका निवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



आजच्या मेळाव्यात ‘दत्तक मूल आणि आपले घर’ या विषयावर मी बोलावे, असा संयोजकांचा आग्रह होता. मी या विषयातील तज्ज्ञ नाही. तीस वर्षे शाळेत शिकवले आणि गेली काही वर्षे मी एका दत्तक आलेल्या मुलीची आजी आहे, एवढाच माझा अधिकार. ती मुलगी परदेशात वाढते आहे. आपली पवई म्हणजे आय.आय.टी.चा परिसर. येथील कोणत्याही इमारतीत चार-दोन घरे अशी सापडतात, जेथे आई-वडील तलावाकाठी फिरायला जातात आणि मुले सातासमुद्रापलीकडे असतात. अशाच एखाद्या घरी उद्या फोन येईल, ‘आई, आम्ही बाळ दत्तक घ्यायचे ठरवले आहे.’ त्या घरातील आजी-आजोबांनी काय करावे आणि त्याहूनही अधिक काय करू नये, हे मी आज सांगणार आहे. कारण करू नये ते सारे मी करून बसले आहे.

माझ्या नातीला मी परवा फोनवर विचारले, तुझ्याविषयी लोकांपुढे बोलू का? आता ती बारा वर्षांची आहे. ती म्हणाली, “आजी, पोळीची गोष्ट सांग, पण रडल्याची सांगू नकोस. आणि माझं नाव नको.” तेव्हा या दोन्ही अटी पाळून मी बोलणार आहे.

परंपरा काय सांगते?

दत्तक ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पूर्वी दत्तकाचा विचार मुख्यतः वंश, पिंडदान आणि वारसा यांसाठी होई. त्यामुळे मुलगाच घ्यायचा आणि तोही शक्यतो भाऊबंदांतला, अशी रीत होती. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगी दत्तक घेण्याचा मार्ग खुला केला आणि एकट्या स्त्रीलाही हा अधिकार दिला. तथापि कायद्याच्या कितीतरी आधी आपल्या पुराणांनी या नात्याला मोठे स्थान दिले होते. नांगराच्या तासात सापडलेल्या कन्येला जनकाने आपली मानले आणि ती जगाला जानकी म्हणून ठाऊक झाली. श्रीकृष्णाला आपण देवकीनंदन म्हणतो आणि यशोदानंदनही म्हणतो. एका नावाने दुसऱ्या नावाला उणेपणा आला, असे आपल्या कोणाच्याही मनात येत नाही.

याच्या उलट कर्ण पाहा. राधा आणि अधिरथ यांनी त्याला प्रेम देण्यात कसूर केली नाही. राधेय हे नाव त्याने अभिमानाने मिरवले. त्याचे दुःख दत्तक जाण्यात नव्हते. त्याच्या जन्माचे सत्य त्याच्यापासून लपवले गेले आणि युद्ध उंबरठ्यावर येऊन ठेपल्यावर ते त्याला सांगण्यात आले, हे त्याचे दुःख होते. दत्तक मुलाला त्याची कहाणी कधी सांगावी, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. माझे उत्तर एकच असते. कर्णाइतका उशीर करू नका. बाळाला भाषा कळू लागण्याच्याही आधीपासून ती गोष्ट अंगाईसारखी घरात असावी.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही उदाहरणे आहेत. महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्यांनी दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाईंबरोबर रुग्णसेवेत उभा राहिला. दुसरे उदाहरण बडोद्याचे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव हा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा महाराणी जमनाबाईंनी १८७५ साली दत्तक घेतला. तेच सयाजीराव महाराज. शेतातून राजवाड्यात आलेल्या त्या मुलाचे घर, भाषा, जेवण, पोशाख आणि नावसुद्धा बदलले. परंतु त्यांचे भाऊ आनंदराव आणि संपतराव हेही बडोद्यात राहिले. नव्या जगात जुन्या घराचे कोणीतरी डोळ्यांसमोर असणे, याचे मोल दत्तक मुलाला विचारावे.

सीमेपलीकडे जाणारी मुले

१९७०च्या दशकात पुण्या-मुंबईच्या संस्थांमधून अनेक मुले युरोप-अमेरिकेत जाऊ लागली. तेव्हा त्यासाठी स्वतंत्र कायदाच नव्हता. परदेशी दांपत्य १८९०च्या पालकत्व कायद्याखाली मुलाचे पालक होऊन त्याला घेऊन जात असे आणि दत्तकविधान तिकडच्या कायद्याने होई. त्यात गैरप्रकारांना पुष्कळ वाव होता. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून हा प्रश्न मांडला आणि त्यावर न्यायमूर्ती भगवती यांनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी ऐतिहासिक निकाल दिला. मुलासाठी प्रथम देशातच घर शोधावे, ते न मिळाल्यासच परदेशाचा विचार करावा, हे सूत्र त्या निकालाने घालून दिले. परदेशी जायचेच असेल, तर मूल शक्यतो तीन वर्षांचे होण्याआधी जावे, म्हणजे त्याला रुजणे सोपे जाते, असेही त्यात म्हटले होते. पुढे १९९० साली केंद्रीय दत्तक संस्था ‘कारा’ स्थापन झाली आणि २००३ साली भारताने हेग कराराला मान्यता दिली.

आज चित्र बरेच पालटले आहे. २०२४-२५ या वर्षात देशात ४,५१५ दत्तकविधाने झाली आणि त्यांपैकी ४,१५५ मुलांना भारतातच घर मिळाले. ही समाधानाची गोष्ट आहे. उरलेल्या सुमारे साडेतीनशे मुलांत पुष्कळशी वयाने थोडी मोठी, भावंडांसह असलेली किंवा विशेष काळजीची गरज असलेली असतात. येथील दांपत्यांना तान्हे आणि निरोगी बाळ हवे असते, म्हणून ही मुले मागे राहतात. परदेशी लोक आपली मुले नेतात, अशी तक्रार आपण करतो. पण पाच वर्षांच्या, किंचित लंगडणाऱ्या मुलीसाठी आपल्यापैकी किती जणांनी दार उघडले, हा प्रश्न आधी स्वतःला विचारायला हवा.

माझ्या लेकीने आणि जावयांनी ते दार उघडले. दोघेही मराठी, शिक्षण मुंबईत झालेले, पण आता अमेरिकेचे नागरिक. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने हे परदेशातील दत्तकविधान ठरले. २०१८च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावच्या संस्थेतून पाच वर्षांची मुलगी त्यांच्या कुशीत आली. पारपत्र आणि व्हिसा मिळेपर्यंतचे सहा आठवडे ती सारी आमच्या पवईच्या घरी होती.

माझ्या तीन चुका

पहिली चूक पहिल्याच रात्री झाली. मुलीजवळ एक जुना, मळकट पंचा होता. तो हातात घट्ट धरून ती आली होती. ती झोपल्यावर मी तो हळूच काढून घेतला, साबणाच्या पाण्यात भिजवला, स्वच्छ धुतला आणि वाळत घातला. सकाळी तो घडी करून तिच्या हाती दिला. तिने तो नाकाशी नेला, खाली ठेवला आणि पुढे दोन दिवस ती कोणाशी बोललीच नाही. संस्थेतील ताईंना फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या, “आजी, त्याला इथला वास होता हो.” एका रात्रीत घर, माणसे, अंथरूण सारे बदललेल्या लेकराजवळ ओळखीचे म्हणून जे एक उरले होते, ते मी धुऊन टाकले होते. ताई मनाने मोठ्या. त्यांनी आपले वापरातले सुती लुगडे न धुता कुरिअरने पाठवून दिले. ते त्या मुलीबरोबर अमेरिकेला गेले आणि आजही तिच्या कपाटात आहे.

दुसरी चूक पाचव्या दिवशी झाली. घरात लक्ष्मी आली म्हणून मी सत्यनारायण घातला आणि साठ माणसे बोलावली. हेतू चांगला होता, सर्वांचे आशीर्वाद मिळावेत. मुलगी सर्वांच्या मांडीवर बसली, सर्वांशी हसली. “किती माणसाळलेली आहे!” असे जो तो म्हणत होता आणि मी सुखावत होते. संध्याकाळी पाहुणे निघाले. आमच्या ओळखीच्या एक बाई चपला घालत होत्या. मुलीने आपल्याही चपला पायात घातल्या, त्यांचे बोट धरले आणि ती दारात उभी राहिली, त्यांच्याबरोबर जायला तयार होऊन. माझी लेक भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही.

त्या दिवशी आम्हाला समजले, की ते माणसाळलेपण नव्हते. जिच्या आयुष्यात सांभाळणारी माणसे पाळीपाळीने येतात आणि जातात, तिला सगळी माणसे सारखीच असतात. ‘माझे’ आणि ‘परके’ हा भेद तिला अजून कळायचा होता. तो कळावा म्हणून आरंभीचे काही महिने मुलाभोवती माणसे कमीत कमी ठेवावी लागतात. भरवणे, न्हाऊ घालणे, वेणी घालणे, झोपवणे, लागले-खुपले तर जवळ घेणे हे आई-वडिलांनीच करायचे. आजी-आजोबांनी पोळ्या कराव्यात, भांडी घासावीत, पण घास आईच्या हातून जाऊ द्यावा. नातवंडाला उराशी धरण्याची ओढ आवरणे फार कठीण असते. परंतु त्या काळात आजीची खरी माया हीच.

तिसरी चूक मी एकदा नव्हे, दहादा केली. शेजारणी येत आणि मी मुलीदेखत म्हणे, “नशीब काढलं हो पोरीनं! कुठून कुठे आली!” अखेर जावई मला बाजूला घेऊन अत्यंत नम्रपणे म्हणाले, “आई, नशीब आमचं आहे. तिचं तर सगळं सुटलंय.” विचार करा, आपल्या पोटच्या मुलांनी रोज आपले उपकार आठवावेत, अशी अपेक्षा आपण धरतो का? मग या मुलांच्याच माथ्यावर कृतज्ञतेचे ओझे का? तिला आनंद व्हावा आणि दुःखही करता यावे, एवढी जागा घरात असली पाहिजे.

पोळीची गोष्ट

आता तिने परवानगी दिलेली गोष्ट. एके दिवशी अंथरूण झाडताना उशीखाली पोळी सापडली. दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या खणात अर्धे केळे. मी रागवायला निघाले, पण लेकीने मला थांबवले. तिने एक छोटा स्टीलचा डबा आणला, त्यात पोळी, गूळ आणि शेंगदाणे ठेवले आणि मुलीला सांगितले, “हा तुझा डबा. रात्री-अपरात्री केव्हाही उघड. रिकामा झाला की मी भरीन.” पहिल्या आठवड्यात ती रात्रीतून तीनतीनदा डबा उघडून पाही. बहुतेक वेळा खात नसे, आहे ना एवढेच पाही. तो डबा अमेरिकेत गेला. आठ महिने रोज भरला गेला. मग एके दिवशी तो स्वयंपाकघरात राहिला आणि ती तशीच झोपली. त्या रात्री माझ्या लेकीने मला फोन केला, तेव्हा आम्हा दोघींनाही बोलता येईना.

शिस्त, संस्कार, टापटीप यांना आपल्या घरांत मोठे स्थान आहे आणि ते असावेच. पण भुकेचे भय हा काही दुर्गुण नव्हे, की तो ओरडून घालवावा. आधी भरवसा आणि मग शिस्त, हा क्रम उलटा करून चालत नाही.

तिकडे गेल्यावर पहिला महिना मुलगी अगदी गुणी होती. हे पाहुणेपणाचे दिवस असतात. नंतर तिने आईला चावायला, मारायला सुरुवात केली. बाबांना नाही, शिक्षिकेला नाही, फक्त आईला. लेक फोनवर म्हणाली, “आई, हिला मी नकोय.” तेथील समाजसेविकेने तिला समजावले, की मूल जिच्यावर विसंबू लागते, तिचीच परीक्षा पाहते. ही आई मारले तरी जाणार नाही ना, हे त्याला तपासायचे असते. या टप्प्यावर काही घरे खचतात. दत्तक मूल संस्थेत परत केल्याच्या घटना आपल्या देशातही घडतात. त्या घरांना दोष देण्यापेक्षा त्या रात्री त्यांच्या पाठीशी कोण होते, हे विचारावे. आपल्या कायद्यानुसार परदेशी दत्तक गेलेल्या मुलाचा अहवाल दोन वर्षे द्यावा लागतो, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. ही कटकट आहे, असे समजू नये. समाजसेविकेला आपल्या अडचणी मोकळेपणाने सांगण्याची ती हक्काची संधी आहे.

भाषा, कागद आणि मुळे

मराठी घर परदेशी असले, तर मुलाला एक मोठा आधार मिळू शकतो, तो म्हणजे भाषा. दत्तक गेलेली लहान मुले पहिली भाषा काही महिन्यांतच विसरू लागतात. तरीही तिचे काहीतरी खोलवर उरते. कोरियातून नेदरलँड्समध्ये दत्तक गेलेल्या, कोरियन पूर्णपणे विसरलेल्या प्रौढांना त्या भाषेचे ध्वनी इतरांपेक्षा लवकर साधले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. माझ्या लेकीच्या घरात तोवर इंग्रजीच चाले. मुलगी आली आणि घर पुन्हा मराठीत बोलू लागले. दाखवा-पाहायला आलेल्या पाहुण्यांसाठी नव्हे, तर त्या मुलीला भूक लागली, दुखते, भीती वाटते हे सांगता यावे म्हणून!

दुसरी गोष्ट कागदांची. मुंबईतून अमेरिकेत दत्तक गेलेल्या एका मुलीच्या नागरिकत्वाचे कागद कोणी पूर्णच केले नाहीत. ऐन तारुण्यात, २००८ साली, तिला भारतात परत पाठवण्यात आले, जेथे तिचे म्हणावे असे कोणी उरले नव्हते आणि येथील भाषाही तिला येत नव्हती. अमेरिकेत २००१पासून अमलात आलेल्या कायद्याने अशा मुलांना आपोआप नागरिकत्व मिळते, तरी प्रत्येक देशाचा नियम वेगळा असतो. तेव्हा पारपत्र, दत्तक आदेश आणि नागरिकत्वाचा दाखला यांची फाईल करून ठेवा आणि मूल मोठे झाल्यावर ती त्याच्या हाती द्या.

त्याच फाईलमध्ये त्याच्या मुळांची वहीही असावी. संस्थेचे छायाचित्र, सांभाळणाऱ्या ताईंचे छायाचित्र, जे ठाऊक आहे ते सारे. आपल्या नियमांनुसार अठरा वर्षांची झाल्यावर ही मुले आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करू शकतात. जन्मदात्या आईच्या गोपनीयतेचाही तेथे विचार केला जातो. ऑस्ट्रेलियाची नामांकित क्रिकेटपटू लिसा स्थळेकर १९७९ साली पुण्यात जन्मली आणि अवघ्या तीन आठवड्यांची असताना ‘श्रीवत्स’ संस्थेतून दत्तक गेली. तिचे वडील मूळचे मुंबईचे. ऑस्ट्रेलियासाठी विश्वचषक जिंकल्यानंतर तिने निवृत्ती घेतली तीही २०१३ साली आपल्या मुंबईतच. त्याच्या आदल्या वर्षी ती ‘श्रीवत्स’मध्ये जाऊन आली होती. मुळे पाहून आली म्हणून ती नव्या घराला पारखी झाली नाही.

गेल्या काही वर्षांत अनेक देश या मार्गाचा फेरविचार करीत आहेत. चीनने २०२४ साली परदेशी दत्तक बंद केले, नेदरलँड्सनेही ते टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा निर्णय त्याच वर्षी घेतला. जुने गैरप्रकार उघडकीस आले, हे त्यामागील एक मोठे कारण. प्रत्येक मुलाला आपल्याच देशात घर मिळावे, हेच आपलेही ध्येय असले पाहिजे. पण ते भाषणांनी साधणार नाही. आपल्या घरांची दारे उघडली पाहिजेत.

जाता जाता एकच प्रसंग सांगते. दोन वर्षांपूर्वी सगळी मंडळी गणपतीला येथे आली होती. विसर्जनाला पवई तलावाच्या गणेश घाटावर प्रचंड गर्दी. त्या गर्दीत कोणाचा तरी धक्का लागून मुलगी पडली, गुडघा फुटला. मी अगदी जवळ होते. मी हात पुढे केले. माझ्या हातांना वळसा घालून, चार माणसांना ओलांडून, ती थेट आईकडे धावली आणि तिच्या कुशीत शिरली. माझे हात तसेच रिकामे राहिले. तिला आता आपली माणसे ओळखता येत होती आणि आजीला याहून अधिक काय हवे?